मोटरसायकलवरून खोडद : रेडिओ दुर्बिणीपर्यंतचा एक दिवस

दोनचाकी

पुण्याहून नव्वदेक किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडदला जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक उभी आहे. नाशिक रस्त्याने मी तिच्या शेजारून पन्नास वेळा तरी गेलो असेन, पण आत कधी वळलो नव्हतो. पुतणी यंदा अकरावीत आहे. "काका, खोडदला कधी नेणार?" असं तिने दिवाळीपासून लावून धरलं होतं. शेवटी परवानगी मिळाली आणि डिसेंबरातल्या एका शुक्रवारी आम्ही दोघं निघालो.

पहाटे साडेपाचला गाडी काढली. या रस्त्यावर एक गोष्ट पाळायचीच, मोशी ते चाकण हा पट्टा सातच्या आत मागे टाकायचा. त्यानंतर कंपन्यांच्या बस, कंटेनर आणि दुचाक्या अशा काही मिसळतात की सगळी सकाळ तिथेच जाते. राजगुरुनगरला भीमेवर इतकं धुकं होतं की पुलाचे कठडे दिसेनात. हातमोजे घालूनही बोटं बधिर झाली होती. खेडचा घाट आता बाह्यवळणामुळे टळतो. मंचरला चहा घेतला, कळंबला घोड नदी ओलांडली आणि नारायणगावला आठच्या सुमारास पोचलो. तिथून उजवीकडे वळलं की रस्ता बारीक होतो. दोन्ही बाजूंना ऊस, कांद्याची लागण, मधूनच द्राक्षाचे मांडव. ऊसतोड सुरू असल्याने समोरून बैलगाड्या येत होत्या, त्यामुळे वेग आपोआप तीसवर आला.

आणि मग उसाच्या तुऱ्यांवर एक तबकडी दिसली. शेताच्या कडेला कुंपणात एकटीच. पुतणीने मागून खांद्यावर इतक्या जोरात थाप मारली की मी गाडी बाजूलाच घेतली. पाच मिनिटं आम्ही काही न बोलता बघत होतो. जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, हे या दुर्बिणीचं नाव. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडणाऱ्या तिच्या अशा ३० तबकड्या आहेत. १४ मधल्या साधारण एक किलोमीटर चौकात, आणि १६ तीन लांब भुजांवर, इंग्रजी वाय अक्षरासारख्या पसरलेल्या. दोन टोकांतलं सगळ्यात जास्त अंतर २५ किलोमीटर. त्यामुळे तुम्ही दुर्बिणीपर्यंत पोचायच्या आधीच दुर्बिणीत शिरलेले असता.

फाटकावर नोंद केली, ओळखपत्र दाखवलं, मोबाइल पूर्ण बंद केले (आवाज बंद करून चालत नाही). गाडी तिथेच लावली आणि गटाबरोबर चालत आत गेलो.

मला वाटलं होतं भरीव पांढरा पत्रा असेल. प्रत्यक्षात तबकडीच्या खाली उभं राहून वर पाहिलं तर आरपार आभाळ दिसतं. ४५ मीटर व्यासाची तबकडी ही अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी आहे. मध्यभागी जाळीची भोकं एक सेंटिमीटरची, कडेला दोन सेंटिमीटरची. ज्या लहरी पकडायच्या त्यातली सर्वात आखूड २१ सेंटिमीटरच्या घरातली, म्हणून तिच्या लेखी ही जाळी भरीव आरशासारखीच. वारा मात्र जाळीतून निघून जातो. जाळी ताणलेल्या तारांच्या चौकटीवर बसवलेली आहे, त्यामुळे लोखंड कमी लागतं. ही दुर्बीण उभारणारे प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही कल्पना नसती तर एवढ्या खर्चात ३० तबकड्या उभ्या राहिल्याच नसत्या. खाली सावली इतकी विरळ पडते की गवत हिरवंगार होतं.

आम्ही उभे असताना तबकड्या फिरल्या. मोटरांची हलकी घरघर, आणि घरापेक्षा मोठी वस्तू शांतपणे मान वळवते. शेजारची, तिच्या पलीकडची, सगळ्या एकदम.

तिथेच पुतणीने माहिती सांगणाऱ्या शास्त्रज्ञांना विचारलं, "सर, मोबाइल बंद केला, पण आमच्या गाडीच्या प्लगमध्ये ठिणगी पडते ना? ती तुम्हाला ऐकू जाते का?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, जाते. ठिणगी म्हणजे छोटं प्रक्षेपण केंद्रच. म्हणाले, गाडी फाटकावर ठेवून चालत आलात हेच बरं झालं.

हे उत्तर माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. मी वीस वर्षं मोटरसायकल चालवतोय. सायलेन्सरचा आवाज कोणाला त्रास देऊ नये एवढं बघतो. पण गाडीचा हा दुसरा आवाज मला माहीतच नव्हता.

दुपारी जवळच्या नारायणगडावर चढलो. चढ मोठा नाही, पाणी मात्र जवळ ठेवा. वरून मधला सगळा चौक दिसतो. आळंदीच्या वाटेवर कळस दिसला की दिंडीतले सगळे चेहरे एकाच बाजूला वळतात, तशा त्या तबकड्या एका दिशेला बघत होत्या. परतीला सूर्य मावळायच्या आत नारायणगाव सोडलं, कारण अंधारात मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या दुचाकीवाल्याला अगदी जवळ गेल्यावरच दिसतात.

जाणकारांनी दोन गोष्टी सांगाव्यात. गाडीचा हा रेडिओ आवाज कमी करता येतो का? आणि अशा ठिकाणी जाताना आपण आणखी काय काळजी घ्यावी?

सोनचाफा

फार आवडलं. जाळीतून दिसणारं आभाळ डोळ्यांसमोर आलं. परवानगी कशी काढली ते लिहाल का? माझा मुलगा सातवीत आहे. त्याचा प्रश्न असा की तुम्ही उजेडी गेलात, मग दिवसा ते काय बघतात?

दोनचाकी

सोनचाफा, आधी संस्थेला लिहून तारीख घ्यायची. ही दुर्बीण पुण्याचं एनसीआरए चालवतं, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र. आयत्या वेळी फाटकावर जाऊन उभं राहू नका, लांबून आलेल्यांचा हिरमोड होतो.

मुलाला सांगा, रेडिओ लहरींना दिवस-रात्र नसते. निळं आभाळ हा डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचा खेळ आहे. मीटरभर लांबीची लहर ढगांतूनही येते. म्हणून ही दुर्बीण पावसाळ्यातही चालते. जोराचा वारा सुटला तर मात्र तबकड्या सरळ वर तोंड करून थांबवतात.

गणितप्रेमी

दोनचाकी, उत्तम लेख. थोडी भर घालतो.

एका तबकडीचं तोंड जवळपास १,५९० चौरस मीटर, म्हणजे पावणेसोळा गुंठे. तीसही मिळून पावणेबारा एकरांच्या आसपास. एवढं क्षेत्र लागतं, कारण येणारी ऊर्जा कल्पनेपलीकडे क्षीण असते. पण बारीक तपशील दिसतो तो क्षेत्रफळामुळे नाही, अंतरामुळे. २१ सेंटिमीटरची लहर आणि २५ किलोमीटरचं अंतर धरलं तर अंदाजे दोन विकलांचा तपशील सुटा दिसतो (विकला म्हणजे एका अंशाचा ३,६०० वा भाग). अडीच किलोमीटरवर धरलेलं अडीच सेंटिमीटरचं नाणं आपल्या डोळ्यापाशी जेवढा कोन करतं, तेवढा. प्रत्येक तबकडीचा संकेत फायबरच्या तारेने मध्यवर्ती इमारतीत येतो आणि तिथे दोन-दोनच्या जोड्या जुळवतात. ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. पृथ्वी फिरते तशी आकाशातून बघितल्यास प्रत्येक जोडीची दिशा बदलत जाते, आणि काही तासांत २५ किलोमीटरच्या एका तबकडीचं काम बरंचसं साधतं.

आता मोबाइल का बंद करायचा. एक वॉटचा मोबाइल चंद्रावर ठेवला आणि त्याची शक्ती २०० किलोहर्ट्झमध्ये पसरली आहे असं धरा. चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. पृथ्वीवर पोचणारी तीव्रता काढली तर २७० जान्स्कीच्या आसपास येते (जान्स्की हे रेडिओ स्रोतांची तीव्रता मोजायचं एकक). रेडिओ आकाशातल्या अगदी ठळक स्रोतांच्या यादीत तो मोबाइल बसेल. आणि हे लोक जान्स्कीच्या हजाराव्या भागाहून कमी असलेले संकेत शोधत असतात. हा हिशोब कागदावर करून बघाच, पुतणीला आवडेल.

प्लगगॅप

गाडीबद्दल मी लिहितो, हा माझा प्रांत.

हाइनरिश हर्ट्झने १८८७ च्या सुमारास रेडिओ लहरी पहिल्यांदा निर्माण केल्या त्या दोन गोळ्यांमध्ये ठिणगी पाडूनच. आपल्या गाडीत तेच चालू असतं. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइल हजारो व्होल्टपर्यंत चढवते, प्लगच्या फटीत हवा फुटते आणि प्रवाह अब्जांश सेकंदांत उसळतो. बदल जितका झटपट, तितक्या जास्त कंप्रतांवर (फ्रिक्वेन्सींवर) तो सांडतो. म्हणून ठिणगीचा आवाज एका स्टेशनवर न येता सगळ्या डायलभर येतो. बहुतेक लहान गाड्यांत इंजिनाच्या दर फेऱ्याला एक ठिणगी पडते. चार हजार फेऱ्यांवर चालवत असाल तर सेकंदाला साठाच्या वर.

यावर इलाज जुना आहे. प्लगच्या नंबरात बहुतेक कंपन्या 'आर' अक्षर घालतात, ते रेझिस्टरचं. आत साधारण पाच हजार ओहमचा रोध असतो, तो प्रवाहाची उसळी बोथट करतो. ठिणगी पुरेशी राहते, प्रक्षेपण कमी होतं. प्लगवर बसणाऱ्या कॅपमध्येही बऱ्याचदा रोध असतो. गडबड होते ती गॅरेजमध्ये हाताला येईल तो प्लग बसवला की, किंवा कॅपला तडा गेला की. तडा गेलेल्या कॅपमधून ठिणगी बाहेरच्या बाहेर इंजिनावर उडते. रात्री अंधारात गाडी चालू करून बघा, निळसर रेघ दिसते.

घरच्या घरी तपासायचं असेल तर साधा ट्रान्झिस्टर घ्या. मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झला आकाशवाणी पुणे लावा आणि गाडी चालू करून जवळ न्या. तडतड ऐकू येईल, आणि अॅक्सिलेटर पिळला की तिची लय वाढेल. एफएमवर करू नका, तिथे ती बरीचशी गाळली जाते.

माळरान

सगळं छान आहे, पण कोणी तरी सांगा, एवढं करून तिथे सापडलं काय? मी विरोध म्हणून विचारत नाही. वडील विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही.

गणितप्रेमी

माळरान, वडिलांना तीन गोष्टी सांगा.

पहिली. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपीय अवकाश संस्थेचं स्कियापारेली हे यान मंगळावर उतरत होतं. त्याचा मंद संकेत खोडदच्या तबकड्या पृथ्वीवरून ऐकत होत्या. यान कोसळलं, पण उतरतानाचा बराच भाग जगाला इथून कळत होता.

दुसरी. जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालेलं काम. ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून (गॅलक्सीतून) निघालेला हायड्रोजनचा संकेत इथे टिपला गेला. मध्ये आलेल्या दुसऱ्या दीर्घिकेने भिंगासारखं काम केलं म्हणून तो पकडता आला.

तिसरी. जून २०२३. स्पंदक म्हणजे पल्सार, हे ठरलेल्या लयीत ठोके देणारे मेलेले तारे. त्यांच्या ठोक्यांतले सूक्ष्म फरक वर्षानुवर्षं मोजून अतिशय संथ गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या तरंगांच्या, खुणा मिळाल्या. त्यात भारतीय गटाने खोडदची मोजमापं दिली होती.

दुसऱ्या गोष्टीत आपल्या धाग्याचा गाभा आहे, म्हणून जरा थांबतो. हायड्रोजनची मूळ लहर २१ सेंटिमीटरची, १४२० मेगाहर्ट्झची. १४०० ते १४२७ हा पट्टा जगभर राखीव आहे, तिथे कोणी प्रक्षेपण करायचं नाही असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पण विश्व प्रसरण पावतं, त्यामुळे लांबून आलेली लहर वाटेत ताणली जाते. ८८० कोटी वर्षं चालून आलेली ती लहर खोडदला पोचली तेव्हा ६२० मेगाहर्ट्झच्या आसपास होती. म्हणजे जितकं जुनं बघायला जावं, तितका हायड्रोजन राखीव पट्टा सोडून टीव्ही, मोबाइल आणि एफएमच्या गर्दीत येतो. तिथे त्याला कायद्याचं छत्र नाही. त्याला वाचवतात ते आजूबाजूचे डोंगर आणि तिथली माणसं.

माळरान

धन्यवाद. मंगळाची गोष्ट वडिलांना लगेच पटली. हायड्रोजनचं मी दोनदा वाचलं, आता त्यांना समजावून सांगतो.

कुकडीकाठ

मी तिथलाच. आमच्या रानातून तबकड्या दिसतात. लहानपणापासून आम्ही त्यांना 'डिश'च म्हणतो. "डिशकडच्या वावरात" असं पत्त्यासारखं सांगतो.

गणितप्रेमींनी शेवटी "तिथली माणसं" लिहिलंत, ते वाचून बरं वाटलं. ही शांतता आपोआप राहत नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या विहिरीकडच्या खांबावर इन्सुलेटर सैल झाला होता. दमट हवेत तिथे बारीक चरचर व्हायची, आम्हाला ती नेहमीचीच वाटायची. एक दिवस दोघं जण हातात अँटेना घेऊन बांधाबांधाने चालत आले आणि बरोबर त्याच खांबाखाली थांबले. म्हणाले, हा खांब आम्हाला दिसतोय. पुढे वायरमनने तो बदलला. तिथल्या लोकांकडून ऐकलंय की खालच्या कंप्रतांवर सगळ्यात जास्त त्रास विजेच्या तारांचाच होतो. म्हणजे तुमच्या प्लगमधली ठिणगी आणि आमच्या खांबावरची ठिणगी सारखीच.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन असतं. रामन परिणामाचा शोध १९२८ साली त्या दिवशी जाहीर झाला म्हणून तो दिवस. आमच्या शाळेचे प्रकल्प तिथे जायचे. मी आठवीत असताना ठिबकचं मॉडेल नेलं होतं. एका शास्त्रज्ञांनी जमिनीवर बसून ते पंधरा मिनिटं बघितलं आणि माझ्याकडून समजून घेतलं. तेव्हा मी काय बोललो ते आठवत नाही, पण ते जमिनीवर बसले होते हे आठवतं.

आता दुसरी बाजूही लिहितो, कारण बाहेरच्या मित्रांना ती दिसत नाही. या भागात नवा कारखाना टाकायचा तर दुर्बिणीला त्रास होणार नाही हे आधी बघावं लागतं. पुणे-नाशिक रेल्वेची आखणी चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, संगमनेर अशी होती. दुर्बिणीच्या कारणाने त्या आखणीला आक्षेप आला आणि आता मार्ग दुसरीकडून न्यायचं ठरतंय. माझा धाकटा भाऊ चाकणला कामाला आहे. पहाटे साडेचारला दुचाकीवर निघतो, रात्री नऊला येतो. थंडीत आई तो येईपर्यंत दारात बसते. रेल्वे आली असती तर आमच्या घरात फरक पडला असता. मला डिश नकोय असं नाही. मला दोन्ही हवंय.

सोनचाफा

कुकडीकाठ, हे लिहिलंत ते फार मोलाचं आहे. भावाने जपून गाडी चालवावी.

प्लगगॅप

विजेच्या रेल्वेचा मुद्दा तांत्रिक अंगाने सांगतो. इंजिनावरचा पेंटोग्राफ, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारा सांगाडा, २५ हजार व्होल्टच्या तारेला घासत जातो आणि जिथे क्षणभर सुटतो तिथे विजेची कमान (आर्क) पडते. रात्री निळा चमकारा दिसतो तो हाच. म्हणजे प्लगची ठिणगी, पण कितीतरी मोठी आणि उघड्यावर. इंजिनातल्या मोटरांच्या नियंत्रणासाठी असलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा वेगळी. त्यामुळे शास्त्रज्ञांची भीती खरी आहे, हे मी वीजवाला म्हणून म्हणतो.

माळरान

मग दुर्बीणच हलवता येणार नाही का? रस्त्यासाठी देवळं हलवतात, गावं हलवतात.

गणितप्रेमी

माळरान, प्रश्न रास्त आहे. ३० पाये, २५ किलोमीटरवर पसरलेल्या फायबरच्या तारा, प्रत्येक तबकडीची मिलिमीटरच्या हिशोबात मोजलेली जागा, हे सगळं नव्याने करावं लागेल. पण खरी अडचण जागा मिळण्याची आहे. ही जागा शोधताना काय काय बघितलं होतं ते वाचण्यासारखं आहे : डोंगरांचा आडोसा, आत पुरेसं सपाट खोरं, वारा कमी, बर्फ नाही, दक्षिणेचं आकाशही बरंच दिसेल असं अक्षांश, आणि तरी पुण्यासारखं शहर हाताशी. आजच्या महाराष्ट्रात अशी जागा दुसरी शोधून दाखवा, टॉवर नसलेली.

कुकडीकाठ, तुमच्या भावाच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. रेल्वे लांबून जाणार असेल तर खोऱ्यातल्या लोकांसाठी चाकणपर्यंत पहाटेच्या भरवशाच्या बस तरी असाव्यात, एवढं मला न्याय्य वाटतं. शांततेचा खर्च एकाच तालुक्याने का उचलावा.

कुकडीकाठ

बस चालेल. वेळेवर हवी.

आर्वीकर आजोबा

उशिरा वाचलं. त्या भागाचा आणखी एक दुवा राहू नये म्हणून लिहितो. नारायणगावजवळ आर्वीला १९७१ साली विक्रम उपग्रह भूकेंद्र सुरू झालं, परदेशी दूरध्वनी उपग्रहामार्फत जोडणारं. त्या काळात आम्ही ती मोठी तबकडी बघायला सायकलवर जात असू. म्हणजे या खोऱ्याला आकाशाकडे तोंड केलेल्या तबकड्यांची सवय जुनी आहे.

स्वरूप सरांच्या कामाची सुरुवात मात्र कल्याणजवळ झाली. ऑस्ट्रेलियात वापरून झालेल्या ३२ छोट्या तबकड्या त्यांनी १९६५ साली तिथे उभ्या केल्या. मग १९७० मध्ये उटीची दुर्बीण, ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद. ती डोंगराच्या अशा उतारावर बांधली की उताराचा कोन आणि तिथला अक्षांश सारखा, सुमारे ११ अंश. त्यामुळे एकाच आसाभोवती फिरवून तारा तासन्‌तास धरून ठेवता येतो. डोंगराचा उतारच यंत्राचा भाग करून टाकला. खोडद हे त्यानंतरचं, २००१ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेलं. २०२० च्या सप्टेंबरात सर गेले, त्या दिवशी मी दिवसभर अस्वस्थ होतो. आमची ओळख नव्हती. तरीही.

दोनचाकी

सगळ्यांचे मनापासून आभार. आजोबा, उटीचा उतार मला अजिबात माहीत नव्हता. पुढची मोठी सफर ठरली.

प्लगगॅप, तुम्ही सांगितलेली चाचणी केली. पुतणी वही घेऊन बसली होती. ७९२ लावलं, गाडी चालू केली. तडतड इतकी होती की निवेदकाचा शब्द कळेना. मग ती रेडिओ घेऊन एकेक पाऊल मागे गेली. चौदाव्या पावलाला बातम्या स्वच्छ झाल्या. रात्री अंधारात बघितलं तर कॅपच्या कडेला खरोखर निळी रेघ उडत होती. कॅप बदलली, प्लग काढून बघितला तर त्यावर 'आर' नव्हताच. मागच्या सर्व्हिसिंगला कुठला बसवला गेला देव जाणे. नवा टाकला. आता पाचव्या पावलाला आवाज जातो. पुतणीने वहीत दोन्ही आकडे लिहिले आणि खाली गाडीचा नंबर टाकून सही केली. थंडीत गाडी पहिल्या किकला सुरू होते हा वरचा फायदा.

चार दिवस झाले, नाक्यावर थांबलो की शेजारच्या गाड्यांचे प्लग डोळ्यांपुढे येतात.

प्लगगॅप

पाच पावलं म्हणजे चांगलं आहे. हेडलाइटच्या जागी बाहेरून आणलेला एलईडी लावला असेल तर तो चालू-बंद करूनही बघा. स्वस्त दिव्यांचे ड्रायव्हर बराच गोंगाट करतात.

दोनचाकी

लावलेला आहे. आज रात्री बघतो.

कुकडीकाठ, २८ फेब्रुवारीला पुतणी तिच्या चार मैत्रिणींना घेऊन प्रदर्शनाला यायचं म्हणते आहे. दोन मोटरसायकली आणि एक स्कूटर होईल. किती वाजता पोचावं, आणि गाड्या कुठे लावाव्यात? अगदी जवळ न्यायची इच्छा नाही.

कुकडीकाठ

नऊच्या आत या. नंतर शाळांच्या बस लागतात आणि रस्ता भरून जातो. गाड्या आमच्या खळ्यात लावा, सावली आहे, आई घरीच असते. तिथून डिश दीड किलोमीटर, बांधावरून पायवाट आहे. मी बरोबर येतो. तो खांबही दाखवतो.